नवं व्हर्जन घ्यावं का? ठाणे-नवी मुंबईतल्या डिझाइनर आणि एडिटरसाठी सविस्तर मार्गदर्शक

फोटोशॉप-इलस्ट्रेटर बनवणाऱ्या ॲडोबीचं नवं मोठं व्हर्जन बहुतेक वर्षी ऑक्टोबरमध्ये येतं. त्याच सुमारास नौपाड्यातल्या डिझाइनच्या दुकानात नवरात्र मंडळांचे बॅनर, दिवाळी अंकाची शेवटची पानं आणि दुकानदारांच्या ऑफरची पत्रकं एकदम अंगावर आलेली असतात. पडद्याच्या कोपऱ्यात 'अपडेट' दिसतं, घाईत कुणीतरी ते दाबतं, आणि संध्याकाळी मंडळाची माणसं समोर बसलेली असताना गेल्या वर्षीच्या बॅनरमधल्या अक्षरांच्या जागी चौकोन उगवतात. नवं व्हर्जन वाईट असतं असं नाही. कित्येकदा ते घ्यायलाच हवं. पण ते घ्यायचं की नाही, हे जाहिरातीतल्या यादीवरून कळत नाही. आपल्याकडे येणाऱ्या फाइली, त्या जिथे छापल्या जातात तो प्रेस आणि आपलं मराठी, या तिन्हीवरून ते ठरतं.

हा लेख पत्रिका, पत्रकं, फ्लेक्स, अल्बम आणि लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एक ते पाच यंत्रांच्या ऑफिससाठी आहे. वाशी-सानपाड्यात घरून काम करणाऱ्या एकट्या डिझाइनरलाही तो तसाच लागू पडेल.

समोर आलंय ते नेमकं काय?

'अपडेट' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली, त्याच व्हर्जनमधली दुरुस्ती. आकड्यात फक्त शेवटचा भाग बदलतो, जुने दोष काढलेले असतात, फाइलचा प्रकार सहसा बदलत नाही. ही आठवडाभराने घ्यायला हरकत नाही. दुसरी, मोठं व्हर्जन. यात पुढचा आकडा किंवा वर्ष बदलतं, फाइलचा प्रकार बदलू शकतो, जुने प्लगइन (प्रोग्रामला जोडलेले छोटे प्रोग्राम) चालेनासे होतात. तिसरी, एकरकमी विकत घेतलेलं जुनं व्हर्जन सोडून वर्गणीवर जाणं. ॲडोबीने २०१३ पासून नवी व्हर्जन फक्त वर्गणीवर द्यायला सुरुवात केली. सीएस ६ हे २०१२ चं, एकरकमी मिळणारं शेवटचं. अजून सीएस ६ वर काम चालवणाऱ्याला म्हणून दोन निर्णय एकदम घ्यावे लागतात: व्हर्जनचा आणि पैसे भरण्याच्या पद्धतीचा. दोन्ही वेगवेगळे तपासा.

पंधरा दिवसांची वही

निर्णयाची सुरुवात वहीपासून करा. पंधरा कामाचे दिवस प्रत्येक यंत्राशेजारी एक वही ठेवा आणि काम पाच मिनिटांपेक्षा जास्त अडलं की एक ओळ लिहा: काम कोणतं, किती मिनिटं गेली, कशामुळे. 'कशामुळे'साठी चारच शब्द वापरा: यंत्र, फाइल, सॉफ्टवेअर, ग्राहक. पंधरा दिवसांनी बेरीज करा. नवं व्हर्जन फक्त 'सॉफ्टवेअर' या रकान्यातली मिनिटं वाचवू शकतं. बाकीच्या तिन्ही रकान्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

'फाइल' हा रकाना सर्वांत फसवा. फोटोशॉप मंद झालं म्हणून नवं व्हर्जन मागणाऱ्या ऑफिसात अनेकदा दोष फ्लेक्सच्या रेझोल्यूशनचा असतो. २० फूट × १० फूट फ्लेक्स ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) उघडला तर तो ७२,००० × ३६,००० पिक्सेल होतो. सीएमवायकेचे (छपाईच्या चार शाईंचे) चार चॅनल धरले तर एकच लेअर सुमारे १०.४ जीबीचा. फोटोशॉपची साधी पीएसडी फाइल तर ३०,००० पिक्सेलच्या पुढे जातच नाही. तीच फाइल ७२ डीपीआयवर १७,२८० × ८,६४० पिक्सेल होते आणि लेअर सुमारे ६०० एमबीचा. रस्त्यावरून वाचायच्या फ्लेक्सला ७२ ते १०० डीपीआय भरपूर झाले. ही एक सवय बदलली की 'मंद चालतं' ही तक्रार कोणतंही व्हर्जन न घेता संपू शकते.

'यंत्र' ओळखायला विंडोजवर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि नेहमीचं जड काम करा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर अडकली असेल तर रॅम कमी आहे. डिस्क १०० टक्क्यांवर खिळली असेल तर एसएसडी हवी. फोटोशॉपच्या खालच्या पट्टीत 'एफिशियन्सी' हा आकडा दिसतो. तो १०० च्या खाली गेला की फोटोशॉप रॅम सोडून स्क्रॅच डिस्कवर काम करतंय. अशा यंत्रावर नवं व्हर्जन टाकलं तर ते आणखी मंद चालेल, कारण नव्या व्हर्जनची रॅमची भूक जुन्यापेक्षा मोठी असते. फोटोशॉपची आजची किमान गरज ८ जीबी, आणि शिफारस १६ जीबी. त्या दुकानाने आधी रॅम आणि एसएसडीवर पैसे घालावेत.

फाइल कुठे कुठे जाते

तुमच्या ऑफिसातून फाइल बाहेर पडून कुठे जाते, ते कागदावर काढा. ग्राहकाच्या फोनवरून फोटो, बाहेरच्या डिझाइनरकडून सीडीआर (कोरल ड्रॉची फाइल), तुमच्याकडे मांडणी, मग वागळे इस्टेटमधल्या किंवा तुर्भे-महापे पट्ट्यातल्या प्रेसकडे. प्रत्येकाला फोन करा आणि दोनच प्रश्न विचारा: कोणत्या प्रोग्रामचं कोणतं व्हर्जन आहे? आणि कशी फाइल पाठवली तर कटकट होत नाही?

फ्लेक्स आणि पत्रिकांच्या कामात कोरल ड्रॉचं वजन मोठं आहे, आणि कोरलचा नियम सरळ आहे. नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली सीडीआर जुन्यात उघडत नाही. सेव्ह ॲज करताना जुनं व्हर्जन निवडता येतं, पण नव्या व्हर्जनमधली इफेक्ट तिथे तशीच टिकतील याची खात्री नसते. म्हणजे फ्लेक्सवाला एक्स ७ वर असेल आणि तुम्ही नुकतंच आलेलं कोरल घेतलं, तर रोज एक जादा पायरी तुमच्या गळ्यात पडते. ही पायरी हिशेबात धरा. अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार करून) पीडीएफ पाठवली तर प्रश्न बराच सुटतो. मात्र प्रेसवाल्याने ऐनवेळी तारीख किंवा पत्ता बदलायला सांगितलं तर कर्व्ह केलेल्या फाइलीत तो हात घालू शकत नाही.

इलस्ट्रेटरमध्ये जुन्या व्हर्जनसाठी सेव्ह करण्याची सोय आहे. इनडिझाइनमध्ये तीच सोय आयडीएमएल फाइलने होते. तो निर्यात केलेला मजकूर जुन्यात उघडतो, पण ओळी थोड्या सरकू शकतात. ६४ पानांच्या अंकात एक ओळ सरकली की पुढची सगळी पानं सरकतात, हे इनडिझाइनवाल्यांनी विसरू नये. प्रीमियरचा प्रोजेक्ट नव्या व्हर्जनमध्ये रूपांतरित झाला की जुन्यात परत उघडत नाही. अर्धवट प्रोजेक्ट म्हणून कधीही नव्या व्हर्जनमध्ये नेऊ नका.

ऑफसेट प्रेसला पीडीएफ देताना आणखी एक गोष्ट विचारा: पीडीएफचा कोणता प्रकार हवा, एक्स-१ए की एक्स-४? एक्स-१ए मध्ये पारदर्शकता सपाट केलेली असते. एक्स-४ मध्ये ती जिवंत राहते. जुन्या रिपला (प्रेसमध्ये फाइल छपाईसाठी उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरला) जिवंत पारदर्शकता पचत नाही. मग सावल्यांच्या जागी पांढरे चौकोन उमटतात. व्हर्जन बदलल्यावर निर्यातीची सेटिंग मूळ पदावर जाऊ शकतात आणि हा घोळ नेमका तेव्हा होतो. प्रेसच्या पसंतीचा प्रीसेट (सेटिंगचा संच) आधीच वेगळा सेव्ह करून ठेवा.

पिशव्या, स्क्रीन प्रिंटिंग किंवा कंपनीच्या लेटरहेडसाठी पँटोन रंग (ठरलेल्या क्रमांकाच्या तयार शाईचे रंग) वापरत असाल तर २०२२ चा बदल लक्षात घ्या. त्या वर्षाअखेरीस ॲडोबीच्या प्रोग्राममधून बहुतेक पँटोन पुस्तकं काढली गेली. जुनी पीएसडी नव्या फोटोशॉपमध्ये उघडल्यावर पँटोनचा भाग काळा दिसण्याचे प्रकार त्यातूनच आले. आता त्या रंगांसाठी पँटोनची वेगळी वर्गणी आहे. ज्या ग्राहकांचे रंग ठरलेले आहेत, त्यांचे सीएमवायके आकडे जुन्या व्हर्जनमध्येच लिहून घ्या.

मराठी मजकूर

इंग्रजीतले परीक्षण लेख इथे काहीच सांगत नाहीत, आणि आपल्या भागातल्या ऑफिसांचे सर्वाधिक तास इथेच जातात.

तुमच्या जुन्या फाइलींतलं मराठी बहुधा दोन प्रकारचं आहे. एक श्रीलिपी, आकृती किंवा शिवाजी अशा जुन्या फॉन्टमधलं. या फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे कोड साठवलेले असतात. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे आकार दाखवतो. फॉन्ट हरवला किंवा प्रोग्रामने दुसरा लावला की मजकुराची इंग्रजी खिचडी होते. नवं व्हर्जन हे दुरुस्त करू शकत नाही. दुसरं युनिकोडमधलं, जे तुम्ही व्हॉट्सॲपवरून चिकटवता आणि मुक्ता, बालू किंवा नोटोसारख्या फॉन्टमध्ये लावता.

जुन्या फॉन्टसाठी एक काम आजच करा. फॉन्टचा फोल्डर उघडून फाइलींचा प्रकार बघा. टीटीएफ किंवा ओटीएफ असेल तर ठीक. पीएफबी आणि पीएफएम अशा जोडीच्या फाइली असतील तर ते पोस्टस्क्रिप्ट टाइप १ फॉन्ट आहेत. फोटोशॉपने त्यांचा आधार २०२१ मध्ये काढला आणि ॲडोबीच्या बाकी प्रोग्रामनी जानेवारी २०२३ पासून. ते फॉन्ट विंडोजमध्ये दिसले तरी या प्रोग्रामच्या यादीत येणार नाहीत. ज्या नियमित ग्राहकांच्या फाइली त्यात अडकल्या आहेत, त्यांची यादी करून जुन्या व्हर्जनमध्येच अक्षरं कर्व्ह केलेली एक प्रत आणि मजकूर युनिकोडमध्ये बदललेली एक प्रत, अशा दोन ठेवा. लिपीचं पॅकेज यूएसबी लॉकवर चालत असेल तर त्या लॉकचा ड्रायव्हर तुमच्या विंडोजवर चालतो का, तेही पाहा.

युनिकोडसाठी ही ओळ नव्या व्हर्जनच्या ट्रायलमध्ये चिकटवा:

दुसऱ्या दिवशी तऱ्हेतऱ्हेच्या पाठ्यपुस्तकांचं ॲडव्होकेट महोदयांच्या हस्ते श्रद्धापूर्वक उद्घाटन. कृष्णाष्टमीला हॉलमध्ये ऑर्केस्ट्रा, वर्षअखेरीस निर्मितीचा आढावा.

मग एकेक अक्षर तपासा. 'दुसऱ्या' आणि 'तऱ्हे' यातला अर्धा र चंद्रकोरीसारखा आला पाहिजे, रफार म्हणून डोक्यावर गेला तर चूक. 'ॲ' जागेवर आहे का पाहा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं आणि त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसतंच. 'निर्मिती'तली पहिली वेलांटी न च्या आधी, आणि 'र्मि'ची वेलांटी म च्या आधी यायला हवी. 'श्रद्धा'तला द्ध आणि 'उद्घाटन'मधला द्घ यांत सुटा हलन्त दिसतो का, तेही बघा. काही फॉन्टमध्ये तो मुद्दाम तसा असतो. तेव्हा दोन वेगळे फॉन्ट लावून पाहा. दोन्हींत पाय मोडलेला दिसला तर दोष बहुधा प्रोग्रामचा.

अक्षरं सुटी पडली म्हणून लगेच नापास करू नका. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेस, मग टाइप, तिथे भारतीय भाषांचे पर्याय दाखवण्याची खूण करा आणि पॅराग्राफ पॅनलच्या मेन्यूतून दक्षिण आशियाई कंपोझर (अक्षरं आणि ओळी जुळवणारी सोय) निवडा. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफच्या मेन्यूत वर्ल्ड-रेडी कंपोझर आहे. त्यानंतर कॅरेक्टर पॅनलमध्ये भाषा मराठी करा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श हिंदी वळण सोडून मराठी वळणाने येतात. सीएस ६ च्या काळातल्या फोटोशॉप-इलस्ट्रेटरच्या साध्या प्रतीत युनिकोड देवनागरी नीट जुळत नसे. म्हणून व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर आजही श्रीलिपीत बदलून किंवा हाताने पुन्हा टाइप करून वापरणाऱ्या ऑफिसला नव्या व्हर्जनचा फायदा एका कारणासाठीच पुरतो: टायपिंग थांबतं, आणि पुन्हा टाइप करताना नावांत होणाऱ्या चुकाही थांबतात. पत्रिकेत आजोबांचं नाव चुकलं तर पाचशे प्रती फुकट जातात. वहीत 'पुन्हा टायपिंग' किती वेळा येतं ते मोजा.

हीच ओळ फुकट पर्यायांवरही टाकून पाहा. इंकस्केप आणि गिंप यांत देवनागरी जुळते. ॲफिनिटी ऑक्टोबर २०२५ पासून फुकट मिळू लागलं आणि ते इंग्रजी मांडणीसाठी चांगलं आहे, पण त्याच्या आधीच्या व्हर्जनमध्ये देवनागरीची जोडाक्षरं जुळत नव्हती. वरच्या ओळीची परीक्षा पास झाल्याशिवाय त्यावर पत्रिकेचं काम उचलू नका.

कॉम्प्युटर आणि विंडोज

नव्या व्हर्जनची किमान गरज वाचताना ऑपरेटिंग सिस्टीमची ओळ आधी वाचा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रावर नव्या व्हर्जनचा खरा खर्च अख्ख्या नव्या यंत्राचा आहे. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून ३२-बिट प्रोग्राम चालत नाहीत. सीएस ६ वापरणाऱ्यांनी मॅकची सिस्टीम सहज म्हणून वाढवू नये.

स्कॅनर, कटिंग प्लॉटर, पेन टॅबलेट आणि फोटो प्रिंटर यांचे ड्रायव्हरही तपासा. प्लॉटरचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा कोरलच्या ठरावीक व्हर्जनमध्ये जोडलेलं असतं. कोरल वाढलं की ते बटणच गायब होतं.

व्हिडिओ आणि अल्बम

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांची तक्रार ठरलेली आहे: टाइमलाइन अडखळते. नव्या कॅमेऱ्यांतून १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी, म्हणजे जास्त रंगांचं पण खूप दाबून साठवलेलं फुटेज येतं. ते उलगडायला हार्डवेअरची मदत लागते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये ती आहे. एनव्हिडियामध्ये ४:२:२ ची सोय आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. यंत्रात यातलं काही नसेल तर नवं प्रीमियर घेऊनही अडखळणं थांबणार नाही. रात्री प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) बनवायला लावून घरी जा, सकाळी काम सरळ चालेल.

दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या प्रोग्रामचं फुकट व्हर्जन अल्ट्रा एचडीपर्यंत काम देतं. नॉइज रिडक्शन हवं असेल तर स्टुडिओ घ्यावं लागतं. त्याची अमेरिकेतली किंमत २९५ डॉलर, एकदाच, आणि आजवर पुढची व्हर्जन त्याच पैशांत मिळत आली आहेत. मंगल कार्यालयातल्या अंधाऱ्या रिसेप्शनचं फुटेज महिन्याला चार वेळा येत असेल तर हा खर्च योग्य आहे. रिझॉल्व्ह वाढवताना ते डेटाबेस नव्या रूपात नेतं आणि जुनं व्हर्जन तो उघडू शकत नाही. आधी प्रोजेक्ट मॅनेजरमधून डेटाबेसचा बॅकअप घ्या. फोटो सांभाळणाऱ्या लाइटरूम क्लासिकच्या कॅटलॉगचंही तसंच.

करिझ्मा (लग्नाचे छापील) अल्बमवाल्यांना फोटोशॉपच्या जनरेटिव्ह फिलचं, म्हणजे एआयने चित्राचा भाग नव्याने भरण्याचं, आकर्षण असतं. १२ × ३६ इंचाचं पान ३०० डीपीआयवर ३,६०० × १०,८०० पिक्सेल होतं. हे वैशिष्ट्य आलं तेव्हा एका वेळी तयार होणारा तुकडा सुमारे १,०२४ पिक्सेलपर्यंतच असे. असा तुकडा पानभर ताणला की छपाईत मऊ, पुसट दिसतो. नंतर त्यात सुधारणा झाल्या आहेत, तरी चाचणी पडद्यावर संपवू नका. एक पान लॅबमधून छापून आणा आणि हातात धरून बघा. मांडवामागची वायर किंवा अनोळखी माणूस काढायला मात्र ते खरंच उपयोगी आहे.

तीन फाइलींची चाचणी

ॲडोबीच्या ट्रायलचा काळ सहसा सात दिवसांचा असतो. तो रिकामा गेला तर परत मिळत नाही, म्हणून फाइली आधी निवडा. एक सर्वांत जड. एक सर्वांत जुनी, जी दरवर्षी परत येते. एक सर्वांत मराठी, म्हणजे जुन्या आणि युनिकोड फॉन्टची सरमिसळ असलेली. तिन्हींच्या प्रती काढा. मूळ फाइल चाचणीत कधीही उघडू नका.

फोनचं स्टॉपवॉच घेऊन चार गोष्टी मोजा: उघडणं, रोजचा एक ठरलेला बदल, सेव्ह, आणि प्रेससाठी निर्यात. प्रत्येक गोष्ट जुन्यात आणि नव्यात तीन-तीन वेळा करा. पहिली वेळ सोडून द्या, कारण तेव्हा प्रोग्राम अजून डिस्कवरून भरत असतो. शेवटी दोन्ही पीडीएफ प्रेसला पाठवून छोटा प्रूफ मागवा. ही पायरी टाळावीशी वाटते. टाळू नका, रंग आणि पारदर्शकतेचे घोळ फक्त इथेच उघडे पडतात.

चाचणी मालकाने एकट्याने करू नये. रोज आठ तास ज्याचा हात त्या प्रोग्रामवर असतो त्यानेच ती करावी, आणि त्याचं मत वहीत त्याच्या शब्दांत लिहावं.

हिशेब

खालचे आकडे पद्धत दाखवण्यासाठी आहेत. आपले घालून करा.

समजा एका डिझाइनरचा पगार २६,००० रुपये. भाडं, वीज, इंटरनेट यांचा त्याच्या वाट्याचा खर्च १५,६००. एकूण ४१,६००. महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास. एक तास २०० रुपयांना पडला.

वर्गणी समजा वर्षाला ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५,४००. नोंदणीकृत असाल आणि बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक असेल तर हा कर परत जमेला धरता येतो. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल किंवा नोंदणीच नसेल तर पूर्ण ३५,४०० तुमच्या खिशातून गेले. जमा मिळते असं धरून महिन्याचा खर्च २,५००.

आता एकदाचे खर्च. बदलाचे दोन दिवस म्हणजे १६ तास, ३,२०० रुपये. नवं शिकताना पहिले तीन आठवडे रोज एक तास जास्त जातो असं धरा, १८ तास, ३,६००. रॅम किंवा एसएसडी ६,०००. बेरीज १२,८००. दोन वर्षांवर पसरली तर महिन्याला सुमारे ५३३.

एकूण ३,०३३ रुपये महिना. २०० ने भागले तर साधारण १५ तास, म्हणजे कामाच्या दर दिवशी ३५ मिनिटं वाचली तर बरोबरी. पण वाचलेला प्रत्येक मिनिट बिलात उतरत नाही. निम्माच उतरतो असं धरणं प्रामाणिकपणाचं. तेव्हा रोज एक तास दहा मिनिटं वाचायला हवीत. हा आकडा वहीतल्या 'सॉफ्टवेअर' रकान्याशेजारी ठेवा. वहीत रोज वीस मिनिटं निघत असतील तर या वर्षी थांबा.

हिशेबाला अपवाद आहेत. मोठा ग्राहक ठरावीक व्हर्जनच्याच फाइली मागत असेल, जुनं व्हर्जन नव्या यंत्रावर चढतच नसेल, किंवा हातातली प्रत चोरीची असेल, तर मिनिटं मोजू नका, घ्या. चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणं हा कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब खाली गुन्हा आहे. शिक्षा सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड. 'लाइफटाइम की' म्हणून कुठल्याही बिलाशिवाय हजार-पाचशेत मिळणारी चीजही त्याच रांगेतली समजा.

करार, बिल आणि कार्ड

'वार्षिक, पण मासिक हप्त्याने' आणि 'महिन्यापुरती' या दोन वेगळ्या योजना आहेत, हे पैसे भरण्याआधी वाचा. ॲडोबीच्या पहिल्या प्रकारात १४ दिवसांनंतर सोडलं तर उरलेल्या रकमेच्या निम्मे पैसे द्यावे लागतात. फक्त लग्नसराईतल्या तीन महिन्यांसाठी जादा माणूस घेत असाल तर महिन्यापुरतीचा चढा दरही स्वस्त पडू शकतो.

कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेला रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: १५,००० रुपयांच्या वरच्या प्रत्येक हप्त्याला ओटीपी लागतो. वर्षाची वर्गणी एकरकमी भरत असाल तर नूतनीकरणाच्या दिवशी तो फोन ज्याच्याकडे आहे तो माणूस गावाला असू नये. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

करासाठी: वर्गणी त्याच वर्षाचा खर्च म्हणून दाखवता येते. एकरकमी घेतलेलं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरसोबत ४० टक्के दराने घसाऱ्यात जातं. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी निम्म्या दराने. मार्चच्या शेवटी घाईने घेण्यात म्हणून तेवढा फायदा नसतो.

कधी करायचं

आपल्या धंद्याचं वेळापत्रक पंचांगावर चालतं. ऑक्टोबरमध्ये आलेलं व्हर्जन ऑक्टोबरमध्ये घेऊ नका. दिवाळी संपताच तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. पहिली खरी उसंत पौषात मिळते, डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत. तोवर नव्या व्हर्जनच्या एक-दोन दुरुस्त्या बाहेर आलेल्या असतात आणि प्लगइनवाल्यांनीही आपली कामं उरकलेली असतात. पालिकेच्या निवडणुका त्याच सुमारास असतील तर हा मुहूर्त सोडा. कोरलचं नवं व्हर्जन गेली काही वर्षं बहुधा मार्चमध्ये येतं, म्हणजे पाडव्याच्या शोभायात्रेच्या तोंडावर. ते आषाढात घ्या. शाळा-क्लासच्या पत्रकांची धांदल उरकलेली असते, लग्नं थांबलेली असतात, गणपतीला अवकाश असतो. वर्षातली तिसरी खिडकी पितृपक्षाचा पंधरवडा. ती छोटी आहे आणि तिच्यामागे नवरात्र उभं असतं, तेव्हा एकाच यंत्रापुरती वापरा.

बदलाच्या दिवशी

शनिवार दुपारी सुरू करा, म्हणजे रविवार हाताशी राहतो. यूपीएसची बॅटरी आधी तपासा.

चालू कामं, फॉन्टचा फोल्डर, ब्रश, ॲक्शन, स्वॉच, पीडीएफ प्रीसेट, कीबोर्ड शॉर्टकट आणि रंगांची प्रोफाइल एका बाहेरच्या डिस्कवर उतरवा. डिस्क यंत्रापासून काढून ठेवा. क्रिएटिव्ह क्लाउडमधून नवं व्हर्जन टाकताना 'जुनी व्हर्जन काढा' ही खूण आधीच केलेली असते. ती काढा. 'जुन्या सेटिंग आणा' ही खूण प्लगइन जास्त असतील तर काढून टाका आणि सेटिंग हाताने भरा. विचित्र दोष बऱ्याचदा जुन्या प्रेफरन्समधून सोबत येतात. आपोआप अपडेट बंद करा.

दोन किंवा जास्त यंत्रं असतील तर पहिले तीन आठवडे एकाच यंत्रावर नवं ठेवा. त्यावर फक्त नवी कामं घ्या. जुनी चालू कामं जुन्यातच संपवा. फाइलच्या नावात व्हर्जनचा आकडा लिहायची सवय लावा, म्हणजे चुकून दुहेरी क्लिक करून ती भलत्याच व्हर्जनमध्ये उघडली जाणार नाही.

ॲडोबी चालू आणि त्याच्या आधीचं, अशी दोनच मोठी व्हर्जन उतरवायला देतं. तिसरं एकदा काढून टाकलं की परत मिळत नाही. आधीच टाकलेलं जुनं मात्र यंत्रावर चालू राहतं. म्हणून एका यंत्रावरचं जुनं व्हर्जन निदान एक पूर्ण वर्ष हलवू नका. पाडव्याचे बॅनर, जूनची क्लासची पत्रकं, दहीहंडीची स्टेज, गणपतीच्या पावत्या आणि अहवाल यांच्या गेल्या वर्षीच्या फाइली त्या-त्या महिन्यातच उघडल्या जातात, आणि कोणत्या फाइलीत कोणता फॉन्ट तुटलाय हे तेव्हाच कळतं. अशी प्रत्येक फाइल नव्यात नीट करून सेव्ह झाली की यादीत खूण करा. यादीतली शेवटची खूण बहुधा अनंत चतुर्दशीच्या सुमारास होईल. तरी वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबा, जुनं व्हर्जन मगच काढा.